एक रात्र हात न लावता

कुलूप उघडून तो आत आला तेव्हा बायको बोळात उभी होती आणि तिच्या हातांत भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे होते. आतल्या खोलीत पोरगी रडत होती. ते रडणं त्याला जिन्यातच ऐकू आलं होतं आणि पायऱ्या चढताना त्याने मनाशी म्हटलंही होतं, आई आहे जवळ, होईल गप्प. आई जवळ नव्हती. ती खोलीच्या दाराच्या अलीकडे, मोजे घातलेले हात छातीशी धरून, पायांत चपला, खांद्याला पर्स, अशी उभी होती आणि आत नुसती बघत होती. पडली, भाजली, काहीतरी गिळलं, असं सगळं एका श्वासात त्याच्या डोक्यातून जाऊन आलं.

"काय झालं?"

"काही नाही. दूध पिऊन झालंय तिचं. मलम कपाटावर आहे. लंगोट दोरीवरून काढून घडी करून ठेवलेत." जरा थांबून ती म्हणाली, "मोजे घालूनच ठेवलेत."

"अगं पण ती रडतेय."

"म्हणून तर तुझी वाट बघत होते. मी ताईकडे जाते. सकाळी येईन."

"आत्ता? आणि ही?"

"हिला तू बघ. एक रात्र माझा हात नको लागायला तिला. सकाळी बरं दिसलं तर कळेलच ना."

"काय कळेल?"

"तूच म्हणतोस ते." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. पण ती बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी बोलत होती. "माझ्या हाताने होत असेल तर मी काम सोडते. उद्याच मालकीणबाईंना फोन करते. हे मी ठरवलंय, तू आता काही बोलू नकोस." मग तिने एकेक बोट ओढून मोजे काढले, मोरीच्या कठड्यावर ठेवले आणि ती गेली. दार लावताना तिने कडीला हातसुद्धा रुमालातून लावला. ते बघून त्याला आधी वैताग आला आणि मग, बूट काढताना, तिचं बोलणं आठवलं.

तूच म्हणतोस ते. तो काय म्हणाला होता? तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केलं असतं. अर्थात त्याला शत्रू असायचं काही कारणही नव्हतं. जे काही म्हणायचं ते तो चहा पिता पिता, कप खाली ठेवून, समजुतीच्या सुरात म्हणत असे. बायको पार्लरमध्ये होती. केस रंगवण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. बायका ती रजेवर असली तर परत जात, पांढरे केस तसेच घेऊन लग्नकार्यांना जात पण दुसरीच्या हाती डोकं देत नसत. मालकीण दुसरीकडे नवं दुकान टाकणार होती आणि ते हिच्यावर सोपवणार होती. दोघं रात्री त्यावर बोलत, आरसे कुठे, खुर्च्या कुठल्या. मग पोरीला पुरळ आली आणि जाईना, आणि एका संध्याकाळी कप खाली ठेवून तो म्हणाला, "तुझ्या हाताला ते रंग असतात. तू धुतेस, नाही असं नाही. पण नखांत राहतं. मी रोज हेच बघतो ना, रसायन एकदा बसलं की सहजी जात नाही." दुसऱ्या दिवशी तिची नखं मुळापासून कापलेली होती. मग ती घरी येताक्षणी कोपरापर्यंत हात घासायला लागली, मग तिच्या हातांना भेगा पडल्या, मग तिने बिनपगारी रजा घेतली. रजेतही पुरळ तशीच राहिली तेव्हा त्याने डोकं हलवून म्हटलं, "अंगात मुरलेलं असतं गं, वेळ लागतो." या वाक्याचा त्याला त्या वेळी थोडा अभिमानही वाटला होता, कारण त्यात दोष नव्हता, नुसती माहिती होती.

पोरगी पाळण्याच्या कठड्याला धरून उभी होती. दीड वर्षाची. जन्मली तेव्हा इतकी किरकोळ होती की मावशीने थट्टेने तिचं नाव ढबी ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तिच्या मुठीत कपडे वाळत घालायचा लाल चिमटा होता. बाहुल्या, अस्वलं, गाड्या, सगळं सोडून हिला चिमटा लागे झोपायला. बापाकडे बघून ती रडायची थांबली, त्याच्या मागे बोळात बघितलं आणि म्हणाली, "आई?"

"आई भुर्र गेली. सकाळी येणार."

ढबीने यावर विचार केला आणि पुन्हा रडायला लागली. त्याने तिला उचललं. बूड ओलं होतं. आता हे काम. हे काम त्याने केलं नव्हतं असं नाही, पण तो करायचा ते दिवसाचं, सुट्टीच्या दिवशीचं, बायको मागे उभी राहून डबी उघडून देत असताना. रात्रीचं तो भिंतीपलीकडून ऐकत असे. पोरगी किंचाळायची, बायकोची कुजबूज ऐकू यायची, झालं झालं झालं, संपलं माझी बाय, आणि तो कूस बदलायचा; सकाळच्या पाळीला लवकर उठायचं असे. कधी कधी त्याला वाटे, इतकी कशी किंचाळते? दाबून पुसत असेल ही. आज त्याने साबणाने हात धुतले, पुसले, चोळून गरम केले, आणि देवाचं काही करावं इतक्या हळुवारपणे लंगोटाची गाठ सोडली. ढबीने लंगोट सुटायच्या आधीच अंग आखडून घेतलं. तिला पुढचं सगळं पाठ होतं.

त्याने बघितलं आणि पहिल्यांदा त्याला नजर फिरवावीशी वाटली. लाल म्हणायचे ते सगळे जण, तोही म्हणायचा, डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगतानाही लाल झालंय असंच सांगायचं. हे लाल नव्हतं. कातडी सोलवटून खालचं ओलं मांस चमकत होतं, कडेला पातळ पापुद्रे सुटले होते. कापूस कोमट पाण्यात बुडवून त्याने नुसता टेकवला. टेकवलाच फक्त. ढबीने जो टाहो फोडला तो त्याच्या दातांत शिरला. तिचे पाय त्याच्या हातात सायकल मारल्यासारखे झाडले जात होते, चिमटा भिंतीवर जाऊन आपटला. "बाऊ! बाऊ!" ती त्यालाच सांगत होती. जो करतोय त्यालाच. मलम फासून, नवा लंगोट बांधून तिला खांद्यावर घेईपर्यंत त्याची पाठ घामाने भिजली होती, आणि त्याला उगाचच वाटलं की बायकोने आता, या क्षणी, भिंतीपलीकडे कूस बदलली असणार. पण भिंतीपलीकडे कोणी नव्हतं.

ती खांद्यावर झोपली. तो खिडकीशी येरझारा घालत राहिला. समोरच्या इमारतीत एक बाई इस्त्री करत होती, पुढेमागे, पुढेमागे, आणि बाकी सगळ्या खिडक्या काळ्या. हे सुरू कसं झालं ते तो आठवायला लागला. दात येत होते, पोट बिघडलं होतं, डायपरच्या कडांनी थोडं लाल झालं होतं. कोणत्या पोराला होत नाही? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही दिवस डायपर बंद, सुती लंगोट वापरा, मोकळं ठेवा, हे मलम लावा. इतकं साधं. बायको म्हणाली, मी साध्या साबणाने रोजचे रोज धुवीन. तेव्हा तो हसला होता. खरोखर मोठ्याने हसला होता. शहरातल्या इस्पितळांच्या चादरी जिथे धुतल्या जात त्या कारखान्यात तो पाळीचा प्रमुख होता. खोलीएवढी फिरणारी पिंपं, वाफ, ढिगाने येणारा माल. त्यात रक्त, पू, औषधं, माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते सगळं, आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायच्या त्या कोऱ्या करकरीत चादरी. "अगं, शस्त्रक्रियेची कापडं मी पांढरी करून देतो. आणि माझ्या पोरीचे लंगोट तू मोरीत साबणाने चोळणार? धुण्याचं माझ्यावर सोड." त्या घरात एवढी एकच गोष्ट अशी होती जी त्याला पूर्ण येत होती. पोरगी भरवताना त्याच्याकडे थुंकायची, गाणी त्याला पाठ नव्हती, अंगाई म्हणाल तर कारखान्याच्या भोंग्यासारखी. पण धुणं! त्याने कारखान्यातली पावडर पिशवीत भरून आणली, उकळत्या पाण्यात लंगोट भिजवायला लागला, कामावरून आल्यावर न चुकता, न कंटाळता. दोरीवरचे ते पांढरेशुभ्र चौकोन बघून शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "नवरा असावा तर असा." बायको हसली होती. ती हसली होती हे त्याला आज आठवलं, आणि ते किती दिवसांपूर्वीचं आहे हे आठवेना.

दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी मलम बदललं. तिसऱ्यांदा पुन्हा बदललं. तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "कपडे कशाने धुता?" बायकोने तोंड उघडलं होतं, त्याला स्पष्ट आठवत होतं, तिने वाक्याला सुरुवातसुद्धा केली होती, आणि तो मध्येच म्हणाला होता, "ते मी बघतो, डॉक्टर. मी त्यातलाच आहे. निर्जंतुक करून देतो." डॉक्टरीणबाई हसल्या. "मग काय, प्रश्नच मिटला." आणि त्यांनी बायकोकडे वळून विचारलं होतं, "तुम्ही काय करता?" पार्लर, केसांचे रंग, हे ऐकताना त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या असाव्यात. किंवा गेल्याही नसतील. पण त्याने त्या पाहिल्या होत्या, आणि घरी येताना रिक्षात तो तेच मनात घोळवत आला होता.

ढबी ओली झाली आणि जागी होऊन किंचाळली. म्हणजे उलट: किंचाळली, आणि मग त्याच्या हाताला ओल लागली. मुतताना पोरं झोपेत हलतात, कुरकुरतात. ही भाजल्यासारखी ओरडली. त्याने घाईने गाठ सोडली. या वेळी मात्र त्याने दिवा जवळ ओढला. बायकोचा हात लागून बराच वेळ झाला होता. त्याने स्वतः, सांगितलेल्या मलमाने, स्वतःच्या स्वच्छ हातांनी सगळं केलं होतं. आणि तरी ते आधीपेक्षा वाईट होतं. मलमाच्या थराखाली नव्याने लाल झालं होतं. आणि मग त्याला ते दिसलं, जे इतके दिवस कोणी बघितलं नव्हतं, कारण सगळे जण जखम बघत होते, तिच्या कडा नव्हते बघत. मांड्यांच्या बेचक्यात, बुडावर पुरळ होती हे ठीकच. पण ती वर कमरेपर्यंत होती. जिथे काही घाण पोचत नाही, जिथे कोणी पुसत नाही, मलमाचं बोट फिरत नाही, तिथे बेंबीखाली, गाठीच्या जागी, गाठीएवढाच लाल ठिपका. दोन्ही कुशींवर सरळ रेघ. पुरळ लंगोटाच्या आकाराची होती.

त्याने स्वतःला म्हटलं, काचत असेल. घट्ट बांधते ही. हा विचार इतका तयार होता की त्याला तो करावाही लागला नाही. पण आजचा लंगोट त्याने बांधला होता, आणि सैल बांधला होता. कापूस संपला होता. घडीतला एक धुतलेला लंगोट घेऊन त्याने वाडग्यातल्या कोमट पाण्यात बुडवला, पिळला, आणि पुसायला म्हणून बोटांत धरला. अंगठा घसरला. नुसता ओल्या कापडावरून घसरावा तसा नाही. बुळबुळीत, मासा धरावा तसा. त्याने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली. घसरत होती. पुन्हा चोळली. त्याचा हात त्याच्या आधी हे ओळखत होता. नवीन पोरं कामावर लागली की पहिल्या दिवशी तो त्यांना पिंपाशी नेऊन ओलं कापड हातात देई आणि म्हणे, चोळा. बोट करकरलं तर माल बाहेर, बोट घसरलं तर माल परत पिंपात. पावडरीतला खार कापडाला धरून बसतो. कितीही साध्या पाण्यातून काढा, धाग्याच्या पोटात बसतो, वाळला की दिसत नाही, वास येत नाही, कापड पांढरंधोप दिसतं, आणि अंगाखाली ओलं झालं की सुटतो आणि कातडी खातो. म्हणून शेवटचं पाणी आंबट असतं. खार मारायला. कारखान्यात ते आंबट पाणी कोणी हाताने घालत नाही. यंत्र आपणहून घालतं, एक छोटा पंप खट् खट् करतो आणि काम होतं, रोज, इतकी वर्षं. इतकी वर्षं त्याने त्या पंपाकडे बघितलंही नव्हतं. घरात पंप नव्हता. घरात तो होता.

ढबी उघडीच, पाय वर करून, हुंदके देत त्याच्याकडे बघत होती. तो गुडघ्यांवर बसलेला, हातात ते ओलं फडकं. त्याला ओरडावंसं वाटलं, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, आणि प्रत्यक्षात त्याने अगदी हळू आवाजात म्हटलं, "अरे देवा." मग तो उठला. नळाचं साधं पाणी, नुसतं पाणी, ओंजळीने तिच्या अंगावर सोडत राहिला. ती आधी ओरडली, मग कमी ओरडली, मग पाण्याकडे बघायला लागली. मलमाचा जाड थर. खाली मेणकापड, त्यावर त्याचा स्वतःचा जुना बनियन, जो बायको साध्या साबणाने धुवायची. लंगोट नाही. ती उघडीच पालथी झोपली, चिमटा मुठीत परत मिळाला होता, आणि झोपेत एकदा हुंदका आला तेव्हा तिची पाठ सबंध हलली. प्रत्येक संध्याकाळी मी हिच्यासाठी हे शिजवत होतो, त्याने मनाशी म्हटलं. उकळत्या पाण्यात. न कंटाळता.

त्याला इस्पितळाची ती तक्रार आठवली. आठवायलाच हवी होती, इतक्या दिवसांत कधीही, पण आली ती आत्ता. तो नवीन होता तेव्हा. एका इस्पितळातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पाठी एकाएकी लाल होऊन सोलवटायला लागल्या होत्या, आणि तिथली मोठी सिस्टर स्वतः कारखान्यात आली होती. जाड भिंगांचा चष्मा, हातात एक चादर. त्याआधीच्या रात्रीच कारखान्यात कळलं होतं की आंबट पाण्याचा पंप अडकलाय, आणि रातोरात दुरुस्तही झाला होता. मॅनेजरने सिस्टरला खुर्ची दिली, चहा दिला, नुकती धुतलेली चादर तिच्या हातात देऊन म्हटलं, बघा बोट चोळून. बोट करकरलं. मग मॅनेजरने फार अदबीने विचारलं की, रुग्णांची कूस वेळेवर बदलली जाते ना? तो दाराशी चादरींचे नमुने घेऊन उभा होता. सिस्टरचा चेहरा हळूहळू उतरत गेलेला त्याने बघितला. माणसं कमी आहेत हो, ती म्हणाली, कधी कधी राहून जातं, आमचंच चुकलं असेल. आणि मॅनेजर, तो भला माणूस, तिच्या हातातला रिकामा कप स्वतः घेत म्हणाला होता, "होतं असं कधी कधी, सिस्टर." ती गेल्यावर मॅनेजरने त्याच्याकडे बघून डोळासुद्धा मिचकावला नव्हता. जणू ते तसंच होतं.

आपण तसं करणार नाही. हे त्याने इतक्या ठामपणे ठरवलं की त्याला जरा हलकं वाटलं. सकाळी ती दारात आली की आधी हेच सांगायचं, ती चपला काढायच्या आत. तुझे हात नाहीत. माझे आहेत. त्याने हे दोन्ही बोळात उभं राहून म्हणून बघितलं. मग वाटलं, नुसतं असं काय, नीट समजावून सांगायला हवं: खार, आंबट पाणी, पंप. पण समजावून सांगितलं की ते सबबीसारखं वाटत होतं. म्हणजे आधी माफी. माफीने सुरुवात केली की ती विचारणार, कधीपासून? आणि मग ती तिची नखं बघणार. नखं, रजा, भेगा, पिवळे मोजे, दाराच्या कडीवरचा रुमाल, एकेक करून सगळं त्याच्यापुढे मांडणार. मांडणारसुद्धा नाही कदाचित. नुसती बघेल. ते बघणं त्याला आत्ताच, रिकाम्या बोळात, सहन होईना. आणि ताई! ताई तर फोन ठेवायच्या आत दहा जणांना सांगेल. धुण्याचं माझ्यावर सोड म्हणणारा तो हाच का, म्हणून लोक वर्षानुवर्षं हसतील, आणि ढबी मोठी झाल्यावर तिलाही ती गंमत म्हणून ऐकवतील. पण सांगायचं होतंच. त्यात प्रश्न नव्हता.

दरम्यान हात रिकामे कशाला ठेवायचे. स्वयंपाकघरात व्हिनेगरची बाटली होती, बायको त्याने केस धुवायची. सगळे लंगोट, घडीतले, रात्री काढलेले, त्याने बादलीत घातले, पाणी घेतलं, बाटली रिकामी केली. भिजवले, पिळले, साध्या पाण्यातून काढले, पुन्हा काढले. आंबट वास मोरीभर पसरला. एकेक लंगोट बोटांत चोळून बघितला. करकरला. करकरला. हे काम त्याला येत होतं आणि येत असलेलं काम करताना माणसाला वाटतं आपण चांगले आहोत. पोरीसाठीच करतोय, सकाळी लागतील की. मग त्याने पावडरीची पिशवी काढली आणि संडासात ओतली, पाणी सोडलं, पुन्हा सोडलं. पुन्हा कधी चुकून वापरली जायला नको. पिशवी बारीक घडी करून कचऱ्याच्या तळाशी, केळ्याच्या सालीखाली. खिडकी उघडून मोरीतला वास घालवला. लंगोट दोरीवर घातले. हे सगळं झाल्यावर तो मोरीच्या दारात उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की आता दाखवायला काही उरलेलं नाही. सांगायचं असतं तर निदान पिशवी तरी ठेवली असती, असा एक विचार लांबून कोणीतरी बोलल्यासारखा येऊन गेला. तो खाली बसला. पिवळे मोजे कठड्यावर बोटं वर करून पडले होते.

उजाडताना ढबी भिजली. तो दचकून उठला, आता किंचाळेल म्हणून. ती झोपेत नुसती तोंड वाकडं करून पुन्हा झोपली. त्याने दिवा लावून बघितलं. मांस दिसत होतं तिथे आता गुलाबी, कोरडं, मलूल असं काहीतरी होतं. कमरेवरची रेघ जवळजवळ विझली होती. एका रात्रीत. त्याला रडू आलं, आणि ते खरं होतं, आनंदाचं होतं, आणि त्यातच खाली कुठेतरी भीती होती की हे इतकं चांगलं दिसायला नको होतं.

बायको लवकर आली. झोपली नव्हती हे दिसत होतं. चपला काढल्या, बोळात तिथेच थांबली, दोन्ही हात ओढणीखाली. त्याने तोंड उघडलं. तुझे हात. "चहा टाकू?" तो म्हणाला.

"आधी बघू दे."

त्याने पांघरूण वर केलं. ती लांबूनच वाकली. कितीतरी वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते निव्वळ सुख होतं, पोरगी बरी होते आहे याचं, आणि तेवढ्या वेळात सांगून टाकता आलं असतं. मग ते सुख हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं. हे उतरणं त्याने पूर्वी बघितलं होतं.

"मलम तेच?" तिने विचारलं.

"तेच."

"लंगोट तेच?"

दोरीवरून एक थेंब पडला. पांढरे चौकोन नेहमीसारखे रांगेत टांगलेले होते, शेजारच्या काकूंना आवडायचे तसेच.

"तेच," तो म्हणाला.

ती मान हलवत राहिली. "म्हणजे मीच." मग तिने पर्समधून फोन काढला आणि खिडकीपाशी गेली. तो ओट्याशी उभा राहून पाणी उकळायची वाट बघत होता. तिचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. हो बाई, नक्की. नाही, कळलं आम्हाला आता. नाही, दुसरीकडेही नाही जाणार, हे कामच नको. नवं दुकान तिला द्या ना, तुमच्या भाचीला, तिचा हात चांगला आहे. नाही हो, रडत नाहीये. पाणी उकळलं. त्याने साखर घातली, पत्ती घातली, दूध घातलं, एकेक गोष्ट नीट, क्रमाने, आणि प्रत्येक गोष्टीनंतर त्याला वाटलं, आता जाऊन सांगू. चहा गाळून झाला.

आत ढबी उठली होती. कठड्याला धरून, बिनलंगोटाची, चिमटा पुढे करून उभी. "आई," ती म्हणाली. "आई. घे." बायको दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

"किती रडवलं मी हिला," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तू सांगत होतास, मला मात्र राग यायचा तुझा. रात्री पडल्या पडल्या मी म्हणायचे, हा उगाच माझ्यावर ढकलतोय. माझं चुकलं रे. चुकलंच माझं."

त्याने कप खाली ठेवला. "होतं असं कधी कधी," तो म्हणाला.

त्याचा आवाज इतका मायेचा निघाला की तिला हुंदका फुटला. ती वळली आणि तिने कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं, रडली, बराच वेळ रडली. हात मात्र तिने दोन्ही बाजूंना लांब धरले होते, त्याच्या कपड्यांना लागू नयेत म्हणून.